दोन ऑफिसांत फाइली पाठवण्यासाठी मोडेम : खरेदीआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

नेहमीची चूक अशी. फाइली हळू जातात म्हणून कुणीतरी दुकानातून सहा अँटेनांचा नवा डबा आणतं. जुना काढून तो लावतं, आणि फाइल पूर्वीइतकाच वेळ घेते. डबा खराब नसतो. अडचण लाइनच्या अपलोडमध्ये (बाहेर पाठवण्याच्या वेगात), मिळालेल्या इंटरनेट पत्त्यात किंवा सेकंदाला शंभर मेगाबिटवर अडणाऱ्या एखाद्या पोर्टमध्ये (केबल लावायच्या खाचेत) असते आणि खरेदीआधी ते कुणी पाहिलेलं नसतं. मोडेमची निवड या कामात पाचव्या टप्प्यावर येते. आधीचे चार टप्पे गाळले तर पाचव्याला अंदाजच लावावा लागतो.

बाजारात 'मोडेम' हा शब्द तीन वेगळ्या वस्तूंना वापरला जातो, तो आधी सुटा करू. बाहेरून आलेल्या तारेचा, फायबरचा किंवा मोबाइल टॉवरचा सिग्नल नेटवर्कच्या भाषेत बदलतो तो खरा मोडेम. फायबरवर त्यालाच ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. त्यापुढे ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांना पत्ते वाटतो आणि आत-बाहेरची वाहतूक सांभाळतो तो राउटर. वायफाय ही तिसरी गोष्ट. आजकाल तिन्ही एकाच डब्यात येतात, पण दोष शोधताना तीन म्हणूनच मोजा.

खालचे हिशोब एकाच उदाहरणावर केले आहेत. समजा, चिपळूणला साइट ऑफिस आहे आणि पुण्यात सदाशिव पेठेत मुख्य ऑफिस. चिपळूणहून रोज ६ जीबी ड्रोनचे फोटो आणि मोजणीच्या फाइली पुण्याला यायच्या आहेत, आणि पुण्याहून अर्धा जीबी सुधारित नकाशे परत जायचे आहेत.

## टप्पा १ : काय, किती आणि कोणत्या दिशेने

एक आठवडाभर वहीत नोंद ठेवा. रोज किती जीबी गेलं, कुठून कुठे गेलं, सगळ्यात मोठी फाइल केवढी, फाइलींची संख्या किती, आणि ती किती वाजेपर्यंत पोचायलाच हवी. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडतात, आणि पैसे तिथेच वाचतात. संध्याकाळी सातला निघालेली फाइल सकाळी नऊला हवी असेल तर हातात चौदा तास आहेत, मग महागडी लाइन लागतच नाही. तीच फाइल अर्ध्या तासात हवी असेल तर सगळा हिशोब बदलतो.

सरासरी काढू नका. आठवड्यातला सगळ्यात जड दिवस धरा.

## टप्पा २ : अपलोडचा हिशोब

जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोडचा वेग. चिपळूणहून पुण्याला फाइल येताना चिपळूणचा अपलोड आणि पुण्याचा डाउनलोड यांतला जो कमी, त्याच वेगाने ती येते. पुण्यात ३०० एमबीपीएसची (सेकंदाला ३०० मेगाबिट) लाइन घेतली आणि चिपळूणचा अपलोड ५ असला, तर फाइल ५ नेच येणार.

हिशोब सोपा आहे. जीबीला ८००० ने गुणा, अपलोडच्या एमबीपीएसने भागा, मग ६० ने भागा. मिनिटं मिळतील. त्यात पाव भाग वाढवा, कारण पाकिटांवरचे (फाइलच्या छोट्या तुकड्यांवरचे) पत्ते, टनेल (दोन ऑफिसांमधला कुलूपबंद मार्ग, टप्पा ८) आणि पुन्हा पाठवलेले तुकडे यांत तेवढा वेळ जातो.

६ जीबीसाठी आकडे असे येतात. १ एमबीपीएसवर ८०० मिनिटं, पाव भाग धरून १०००, म्हणजे साडेसोळा तासांहून जास्त. १० एमबीपीएसवर ८० आणि २० मिळून १०० मिनिटं. ४० वर २५ मिनिटं. १०० वर १० मिनिटं. १ वरून १० वर गेल्याने काम होतं, ४० वरून १०० वर गेल्याने फक्त पंधरा मिनिटं वाचतात. त्या पंधरा मिनिटांसाठी दरमहा किती मोजायचं, ते तुम्ही ठरवा.

सावधान : लहान बी आणि मोठा बी यांची गल्लत करू नका. कंपनी मेगाबिटमध्ये वेग सांगते, कॉपी करतानाची खिडकी मेगाबाइटमध्ये दाखवते. १०० एमबीपीएसची लाइन म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. खिडकीत ११ दिसत असतील तर लाइन पूर्ण चालली आहे, तक्रार करायला जागा नाही.

## टप्पा ३ : त्या जागी कुठली लाइन खरोखर येते

पिनकोड टाकून वेबसाइट 'उपलब्ध' म्हणते त्यावर जाऊ नका. शेजारच्या दुकानात, वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यात जाऊन विचारा : कुठली लाइन आहे, महिन्यात किती वेळा जाते, पावसाळ्यात काय होतं. शक्य असेल तर त्यांच्याकडे वायरने लॅपटॉप जोडून अपलोड मोजा.

फायबर येत असेल तर दुसरं काही पाहू नका. बहुतेक ठिकाणी ते जीपॉन या पद्धतीचं असतं. त्यात मूळ धागा २.४८८ जीबीपीएस खाली आणि १.२४४ वर, एवढ्या क्षमतेचा असतो आणि तो अनेक ग्राहकांत वाटला जातो. पुष्कळ योजनांत अपलोड आणि डाउनलोड सारखेच देतात, पण सगळ्यांत नाही. विचारून घ्या.

तांब्याच्या टेलिफोन तारेवरचं एडीएसएल दोन-प्लस २४ एमबीपीएसपर्यंत खाली देतं, वर मात्र साधारण १. आपल्या कामाला ते बसत नाही. व्हीडीएसएल बरं, पण एक्सचेंजपासून किंवा रस्त्यावरच्या पेटीपासून अंतर किलोमीटरच्या पुढे गेलं की त्याचा वेग झपाट्याने उतरतो.

तिसरा पर्याय सिमवरचा ४जी किंवा ५जी मोडेम. फायबर न पोचलेल्या साइट ऑफिसला तोच उरतो. तो चालतो, पण निवडताना जास्त काळजी लागते. पाचव्या टप्प्यात त्यावर बरंच लिहिलं आहे.

शक्य असेल तर दोन्ही ऑफिसांत एकाच कंपनीची लाइन घ्या. दोन वेगळ्या कंपन्यांमध्ये वाहतूक जिथे एकमेकींना दिली जाते, तिथे संध्याकाळी गर्दी होते. स्पीड टेस्टमध्ये ती दिसत नाही, कारण टेस्टचा सर्व्हर बहुतेकदा तुमच्याच कंपनीच्या आवारात असतो.

## टप्पा ४ : कंपनीला विचारायचं ते लेखी विचारा

फोनवर 'हो सर, होईल सर' म्हणतात आणि नंतर तो माणूस सापडत नाही. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारा :

- अपलोड किती, आणि तो कोणत्या मर्यादेनंतर कमी होतो? 'अनलिमिटेड' योजनेतही महिन्याची एक मर्यादा असते आणि तिच्यानंतर वेग पाडला जातो. आमच्या उदाहरणात रोज ६ जीबी म्हणजे २६ दिवसांत १५६ जीबी.
- सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा) मिळतो का? स्थिर मिळेल का, महिना किती पडेल?
- ओएनटी तुमचाच वापरावा लागेल का? तो ब्रिज मोडवर, म्हणजे पत्ते न वाटता नुसता सिग्नल पुढे देईल असा, टाकून द्याल का?
- जोडणी पीपीपीओईने (युजरनेम-पासवर्ड भरून) आहे की थेट? पीपीपीओई असेल तर युजरनेम आणि पासवर्ड आमच्या हातात देणार का?
- लाइन तुटली तर किती तासांत माणूस येतो?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पत्त्यांच्या टंचाईमुळे बऱ्याच कंपन्या, आणि मोबाइल कंपन्या तर सर्रास, शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीच्या गेटचा पत्ता सगळ्यांना माहीत आहे, पण वॉचमनकडे फ्लॅटची यादीच नाही, असं समजा. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून तुमच्या दारापर्यंत कुणी येऊ शकत नाही. दोन ऑफिसं थेट जोडायची तर निदान एका बाजूला सार्वजनिक पत्ता हवाच.

तपासा : चालू लाइन असेल तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघा. तो १०. ने, १९२.१६८ ने, १७२.१६ ते १७२.३१ ने किंवा १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर तुमच्याकडे सार्वजनिक पत्ता नाही. बाहेरच्या एखाद्या साइटवर 'माझा आयपी' बघून तो वॅन आयपीशी जुळतो का, तेही पाहा.

दोन्हीकडे सीजीनॅटच असेल तर तीन वाटा आहेत. एका ऑफिसात स्थिर पत्ता विकत घ्या. किंवा दोन्ही कंपन्या आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे, टंचाई नसलेले पत्ते) देत असतील तर त्यावरून जोडा, पण राउटरची फायरवॉल त्यासाठी नेमकी तेवढीच उघडावी लागते. किंवा टेलस्केल, झिरोटियर यांसारखी सेवा वापरा, ती दोन्ही बाजूंना बाहेरून भेटवून देते. मात्र थेट भेट जमली नाही की ती वाहतूक मधल्या सर्व्हरवरून वळवते आणि वेग पडतो. आमचा सल्ला पहिल्या वाटेचा : मुख्य ऑफिसात स्थिर पत्ता घ्या, बाकी सगळं सोपं होतं.

## टप्पा ५ : आता डबा

### फायबर असेल तर

ओएनटी स्वतः विकत घेण्याची घाई नको. जीपॉनमध्ये ओएनटीचा अनुक्रमांक कंपनीच्या यंत्रावर नोंदवलेला असतो. नोंद नसलेला डबा लावला तर दिवा लुकलुकत राहील आणि लाइन उठणारच नाही. कंपनीचा ओएनटी घ्या, तो ब्रिज मोडवर टाकून घ्या, आणि पैसे राउटरवर घाला.

ओएनटी स्वीकारतानाच उलटा करून लेबल आणि पोर्ट बघा. बऱ्याच स्वस्त ओएनटींवर एकच पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) असतो, बाकीचे शंभरचे. गिगाबिटवर सहसा 'जीई' किंवा 'जी' लिहिलेलं असतं, शंभरच्यावर 'एफई'. राउटर चुकून एफई पोर्टला जोडला की २०० एमबीपीएसची लाइन कायम ९४-९५ वर अडकते, आणि महिनोन्महिने कंपनीला शिव्या बसतात. स्पीड टेस्ट ९४-९५ च्या पुढे हलतच नसेल तर आधी पोर्ट बघा, मग केबल. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात. शंभरला न लागणाऱ्या जोड्यांतली एक तार तुटली तरी जोडणी बऱ्याचदा गुपचूप शंभरवर उतरते, कुठलाही दिवा लाल होत नाही.

राउटर घेताना पुढच्या गोष्टी बघा : सगळे पोर्ट गिगाबिट, दोन वॅन (बाहेरच्या लाइनी) जोडण्याची सोय, आणि वायरगार्ड व्हीपीएन (दोन ऑफिसांतला टनेल करणारा प्रोग्रॅम) डब्यातच असणं. व्हीपीएनचा वेग किती, हे निर्मात्याच्या माहितीपत्रकात वेगळं दिलेलं असतं, तो आकडा शोधा. स्वस्त राउटरचा प्रोसेसर ओपनव्हीपीएनवर (टनेलचा दुसरा, जुना प्रकार) १०-२० एमबीपीएसलाच दमतो. तोच डबा वायरगार्डवर कितीतरी पुढे जातो. खोक्यावरचे 'एएक्स ३०००' वगैरे आकडे वायफायचे आहेत, दोन ऑफिसांच्या मधल्या वेगाशी त्यांचा संबंध नाही. फाइल ठेवायचं यंत्र राउटरला वायरनेच जोडायचं.

### सिमवर चालणारा मोडेम असेल तर

इथे खरेदी सगळ्यात जास्त चुकते, म्हणून थोडं थांबून वाचा.

पहिली गोष्ट श्रेणी. ४जी मोडेमवर 'कॅट ४' लिहिलं असेल तर कागदावर १५० खाली आणि ५० वर. 'कॅट ६' असेल तर ३०० खाली, पण वर तेच ५०. अपलोडसाठी कॅट ४ सोडून कॅट ६ घेण्यात काही मिळत नाही, आणि हे विक्रेता सांगत नाही. प्रत्यक्षात टॉवरवरच्या गर्दीत ५ ते १५ एमबीपीएस अपलोड मिळाला तर ठीक मिळाला समजा.

दुसरी गोष्ट बँड, म्हणजे सिग्नल ज्यावर चालतो तो लहरींचा पट्टा. भारतात ४जी मुख्यतः १, ३, ५, ८, ४० आणि ४१ या बँडवर चालतं, आणि ५जी एन७८ वर, काही ठिकाणी एन२८ वर. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळालेल्या अमेरिकी मोडेममध्ये ४० चा बँड बऱ्याचदा नसतो. खोक्यावर यादी छापलेली असते. ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

बँड ४० आणि ४१ मध्ये खाली आणि वर जाणारी वाहतूक एकाच पट्ट्यात वेळ वाटून चालते, आणि वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. बँड ३ मध्ये वर जायला स्वतंत्र पट्टा असतो. म्हणून अपलोड कमी मिळत असेल तर मोडेमच्या सेटिंगमध्ये बँड ३ वर बांधून बघा. डाउनलोड थोडा पडेल, अपलोड वाढण्याची शक्यता आहे. ही सोय ज्या मोडेममध्ये आहे तोच घ्या. बँड ५ भिंतींमधून चांगला आत येतो, पण पट्टा अरुंद असल्याने वेग फार देत नाही.

तिसरी गोष्ट बाहेरच्या अँटेनाची जागा. दोन एसएमए जोड (बाहेरच्या अँटेनाची तार लावायच्या जागा) असलेला मोडेम हवा. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींत आणि पत्र्याच्या शेडमध्ये आतला अँटेना निकामी ठरतो. पण अँटेना छपरावर आणि मोडेम खाली टेबलावर ठेवून मध्ये पंधरा मीटर तार ओढली, तर वर मिळवलेला सिग्नल तारेतच संपतो. अँटेनाची तार तीन-चार मीटरच्या आत ठेवा, मोडेम वर नेऊन बसवा आणि खाली नेटवर्क केबल आणा. ती शंभर मीटरपर्यंत चालते.

तपासा : मोडेमच्या स्टेटस पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) हे दोन आकडे बघा, कांड्या मोजू नका. आरएसआरपी उणे ९० पेक्षा वर असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला तर जागा बदला. एसआयएनआर १३ च्या वर हवा. कांड्या पूर्ण आणि एसआयएनआर ३, असं असेल तर सिग्नल आहे पण गोंगाटही तेवढाच आहे. अशा वेळी अँटेना दुसऱ्या टॉवरकडे वळवून बघा.

खरेदीआधी त्याच जागी, त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये घालून सकाळी, दुपारी आणि रात्री साडेनऊला अपलोड मोजा. तीन कंपन्यांची तीन सिमं, तीन दिवस. एवढा खटाटोप केला की मोडेम परत करायची वेळ येत नाही.

## टप्पा ६ : वीज आणि पाऊस

डबा कितीही चांगला असला तरी अडॅप्टर जळला की रात्रीची फाइल अडकते. ओएनटी आणि राउटर दोन्ही बहुतेक १२ व्होल्टवर चालतात आणि मिळून १५ ते २० वॉट घेतात. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस त्याला पुरतो. इन्व्हर्टरवर टाकलं तर बदलाच्या क्षणी डबा कधी कधी रीस्टार्ट होतो आणि चालू फाइल तुटते.

छोट्या यूपीएसवर ८००० एमएएच छापलेलं असतं. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, १२ व्होल्टचा नाही. ८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ३० वॉट-तास. १५ वॉटच्या भारावर कागदावर दोन तास, हातात दीड. चार तास हवे असतील तर ८० ते १०० वॉट-तासांचं काहीतरी शोधा.

जॅकचा आकार आणि ध्रुव अडॅप्टरवरच्या चित्राशी ताडून पाहा. जॅक बसला म्हणजे जुळला, असं नाही.

फायबरमधून वीज येत नाही म्हणून कोकणात लोक निर्धास्त असतात. पण खांबावरून येणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये धाग्याशेजारी आधाराची पोलादी तार असते. ती बाहेरच, भिंतीबाहेर कापून बांधायची. घरात फक्त धागा आणायचा. छपरावरच्या अँटेनाला सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारा) आणि नीट अर्थिंग हवं, तांब्याच्या लाइनलाही.

सावधान : फायबरच्या टोकात डोळा घालून पाहू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या जोडात घालू नका. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं, मध्ये फट राहते आणि सिग्नल पडतो. केबलला तीन सेंटीमीटरपेक्षा लहान वळण देऊ नका.

## टप्पा ७ : जोडणी, याच क्रमाने

१. ओएनटीला फायबर लावा, वीज द्या. एलओएसचा (फायबरचा सिग्नल नसल्याचा) लाल दिवा बंद आणि पॉनचा (कंपनीशी जोडणी झाल्याचा) दिवा स्थिर झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्टेटस पानावर येणारी प्रकाशाची शक्ती उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मधे हवी. उणे २५ च्या खाली असेल तर आज चालेल आणि पावसात बंद पडू शकेल. लाइनमन समोर असतानाच टोक साफ करून घ्या, स्प्लायसिंग (धाग्यांचा जोड) पुन्हा करायला सांगा.

२. ओएनटी ब्रिज मोडवर आहे याची खात्री करा. नसेल तर ओएनटी आणि राउटर दोघेही पत्ते वाटत बसतात आणि बाहेरून येणारी जोडणी पहिल्याच दारात अडते.

३. राउटर जीई पोर्टला जोडा, पीपीपीओई भरा, वॅन आयपी आला का बघा.

४. राउटरचा मूळ पासवर्ड बदला, फर्मवेअर अद्ययावत करा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडण्याची सोय) आणि बाहेरून व्यवस्थापनाची सोय बंद करा.

५. दोन्ही ऑफिसांचे आतले पत्ते वेगळे करा. ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात. कारखान्यातून येणारे डबे बहुतेक १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० वरच असतात. दोन्हीकडे तेच राहिलं, तर पुण्याच्या संगणकाला १९२.१६८.१.२० हे यंत्र शेजारच्या टेबलावर आहे असंच वाटतं, तो टनेलकडे वळतच नाही. पुण्याला १९२.१६८.१० द्या, चिपळूणला १९२.१६८.२०. प्रिंटर, कॅमेरे, बायोमेट्रिक यंत्र यांचे हाताने भरलेले पत्तेही त्याच वेळी बदला.

## टप्पा ८ : टनेल

सार्वजनिक पत्ता असलेलं ऑफिस, म्हणजे पुणे, ऐकत बसेल. चिपळूण त्याला हाक मारेल. वायरगार्डचा नेहमीचा पोर्ट (इथे केबलची खाच नव्हे, राउटरचं क्रमांकाचं दार) यूडीपी ५१८२० आहे, पुण्याच्या राउटरवर तेवढाच उघडा. चिपळूणच्या बाजूला 'कीपअलाइव्ह' (जोडणी जिवंत ठेवणारा छोटा निरोप) २५ सेकंद ठेवा, नाहीतर सीजीनॅट काही वेळाने दार लावून घेतं आणि पुण्याहून चिपळूणकडे काहीच जात नाही.

एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल लांबी, वायरगार्डला १४२० असते. पीपीपीओईच्या लाइनवर मूळ लांबीच १५०० ऐवजी १४९२ असते, म्हणून तिथे १४१२ ठेवा. हे चुकल्याचं लक्षण फसवं आहे : पिंग (पोच तपासणारा छोटा निरोप) जातो, फोल्डरची यादी दिसते, छोटी फाइल येते, आणि मोठी फाइल सुरू होऊन शून्यावर थिजते. असं दिसलं की मोडेम बदलायच्या आधी हा एक आकडा बदलून बघा.

सावधान : टनेल न करता राउटरवर विंडोज शेअरिंगचा ४४५ किंवा रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडून देणारे 'जाणकार' भेटतात. २०१७ चं वॉनाक्राय विंडोज शेअरिंगमधल्याच भगदाडातून पसरलं होतं. हे पोर्ट इंटरनेटकडे कधीच उघडायचे नाहीत.

## टप्पा ९ : चाचणी

स्पीड टेस्ट नको. दोन्ही ऑफिसांत एकेक संगणक वायरने जोडा आणि आयपर्फने (दोन संगणकांमधला वेग मोजणारा प्रोग्रॅम) मधला वेग मोजा, आधी एका दिशेने, मग उलट. सकाळी अकरा, संध्याकाळी पाच, रात्री साडेनऊ, तीन दिवस. दुसऱ्या टप्प्यात गृहीत धरलेल्या अपलोडच्या निम्म्याहून कमी आला तर दोष या क्रमाने शोधा : केबल आणि पोर्ट, मग टनेल बंद करून नुसत्या लाइनचा वेग, मग राउटरचा प्रोसेसर किती भरतोय, आणि शेवटी कंपनी.

मग २ जीबीची एक खरी फाइल पाठवा. दोन्हीकडे तिचा एसएचए-२५६ ठसा (फाइल जशीच्या तशी पोचली का ते ओळखायचा आकडा) काढून जुळवा. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये ती सोय आधीपासूनच असते. फाइल जात असताना कुणाला तरी व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावा. आवाज तुटत असेल तर राउटरवर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर बांधा. लाइन काठोकाठ भरली की रांग मोडेममध्ये साचते आणि सगळ्यांचंच काम अडतं.

## टप्पा १० : फाइल पाठवायची रीत

नेटवर्क ड्राइव्हवरून थेट नकाशा उघडून काम करू नका. ते एका इमारतीतल्या तारेसाठी बनलंय. दर क्लिकला शेकडो छोटे निरोप जातात आणि प्रत्येकाला चिपळूण-पुणे फेरी पडते. टॅलीचा डेटा तर चुकूनही असा चालवू नका, मध्येच लाइन गेली तर फाइल बिघडते. डेटा बंद करा, बॅकअप काढा, ती बॅकअप फाइल पाठवा.

तुटल्या जागेवरून पुढे सुरू करणारं साधन हवं : आरसिंक, विंडोजवर रोबोकॉपी, किंवा फोल्डर आपोआप जुळवायचे असतील तर सिंकथिंग. सिंकथिंग एकीकडे खोडलेली फाइल दुसरीकडेही खोडतं, त्यामुळे जुन्या प्रती ठेवण्याचा पर्याय चालू करा आणि वेगळा बॅकअप ठेवाच. पाच हजार छोटे फोटो असतील तर आधी एकत्र झिप करा. जागा फारशी वाचणार नाही, पण प्रत्येक फाइलमागचा उघड-मीट वेळ वाचतो.

## टप्पा ११ : दुसरी लाइन

पहिली पंधरा दिवस नीट चालल्यावरच दुसरीकडे वळा. दोन कंपन्यांचं फायबर एकाच खांबावरून येत असेल तर जेसीबीचा एकच घाव दोन्ही तोडतो. फायबरला जोड म्हणून सिमचा मोडेम घ्या.

इथे एक गोष्ट उलटी होते. पुणे ऐकत बसलेलं आहे. पुण्याचं फायबर गेलं आणि राउटर सिमवर वळला, तर तिथे सार्वजनिक पत्ता नसल्याने चिपळूणला पुणे सापडणारच नाही. म्हणून जिथली लाइन कमी तुटते ते ऑफिस ऐकणारं ठेवा आणि सिमची जोड हाक मारणाऱ्या ऑफिसात द्या. दोन्हीकडे हवी असेल तर ऐकणाऱ्या बाजूची दुसरी लाइनही सार्वजनिक पत्त्याचीच लागेल.

राउटरला लाइन गेल्याचं कळण्यासाठी बाहेरचे दोन पत्ते पिंग करायला सांगा. नुसती केबल जोडलेली आहे का, एवढंच पाहायला लावलं तर फायबर तुटलं तरी ओएनटीकडून येणारी तार जिवंतच दिसते आणि राउटर वळत नाही. नंतर कामाच्या वेळेबाहेर फायबर ओढून काढा, पाच मिनिटं थांबा, फाइल पुढे सरकते का बघा, परत लावा.

तपासा : दोन्ही ऑफिसांत डब्याशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवा. ग्राहक क्रमांक, कंपनीचा तक्रार नंबर, ओएनटीचा अनुक्रमांक, जोडणीच्या दिवशीची प्रकाशाची शक्ती किंवा आरएसआरपी, आयपर्फचा आकडा आणि तारीख. पासवर्ड त्यावर लिहू नका. लाइनमन आला की तो कागद समोर धरा आणि आजचा आकडा त्याच्यासमोर काढून शेजारी लिहा.